टॅमरॅक स्ट्रीट, गुण अडतीस

मार्च संपत आलाय. कडेला काळवंडलेला बर्फ,
हातात मोजायचं चाक, दर फुटाला टक् म्हणणारं.
डलूथच्या चढावर मी रस्त्यांना गुण देत फिरतो.
टॅमरॅक स्ट्रीटला दिले शंभरपैकी अडतीस.
(माझ्या गुडघ्यांना याहून कमी पडतील.)

या जाळीदार भेगांना
आमच्या पुस्तकात मगरीची कातडी म्हणतात.
इथे मगर कुणी पाहिलीय?
पाणी आत शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं,
आणि पुन्हा शिरतं. एवढीच मगर.

खाली काय आहे ते नकाशा सांगतो, अर्धंमुर्धं:
सव्वीस सालची बिडाची जलवाहिनी,
भाजक्या मातीचं गटार, त्यात मेपलची मुळं,
आणि घराघरांत गेलेले शिशाचे नळ.
किती, ते नक्की नाही.
जुन्या कार्डावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'बहुधा'.
त्या एका शब्दावर माझी तेवीस वर्षं नोकरी झाली.

सभा चर्चच्या तळघरात. कॉफी पातळ, खुर्च्या घडीच्या.
भिंतीवर आराखडा: लाल रस्ते पुढच्या वर्षी,
पिवळे त्यानंतर, राखाडी देवाच्या मर्जीने.
डेल्मर स्कोगस्टाड उभाच राहिला,
"रस्ता सगळ्या गावाचा, मग बिल माझ्या दाराशी का?"
मी म्हणालो, दर्शनी लांबीवर, फुटामागे, नियमच तसा आहे.
मलाही ते ऐकायला बरं वाटलं नाही.

पा न्हिया थाओचं घर कोपऱ्यावर,
म्हणजे दोन रस्ते, दोन लांब्या, दोन आकडे.
तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी,
"कोपऱ्याचं घर आम्ही उजेडासाठी घेतलं होतं,"
एवढंच म्हणाली.

मग ऐला राउतिओ. वय अठ्ठ्याऐंशी.
चोवीसशे सतरासमोरचा खोलगा,
माझ्या यादीत: पाणी साचते, उतार दुरुस्त करावा.
"ते तळं आहे," ती म्हणाली.
डिसेंबर लागला की तिचा टाउनो नळी लावून
रात्री तिथे पाणी सोडायचा, थर थर करून,
सकाळी गल्लीतली पोरं स्केट्स घालून हजर.
आता थाओंचा धाकटा सोडतो.
नळी मात्र टाउनोचीच.

मी म्हणालो, साचलेलं पाणी डांबराचा शत्रू.
ती म्हणाली, "असेल. रस्ता कधी करणार?"
"एकतीस साली. पैसे आले तर."
तिने समोरचे कागदी पेले मोजले,
मग हसली, "एकतीस!
मग आपण दोघं कशाला भांडतोय?"
सगळं तळघर हसलं. मीही हसलो,
मग आराखड्यात तोंड खुपसून
काहीतरी शोधायचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी खोलगा मोजायला गेलो.
एकतीस फूट लांब, एकोणीस रुंद,
सर्वांत खोल ठिकाणी चार इंच.
ती सपाता घालून पायरीवर आली,
"पाच. टाउनो मोजायचा."
मी पट्टी पुन्हा टाकली. साडेचार.
लिहिले पाच.

शेऱ्याच्या चौकटीत पेन टेकवलं, उचललं,
खिशातून पेन्सिल काढली.
'उतार दुरुस्त करावा'च्या आधी
छोट्या अक्षरांत लिहिलं, 'बहुधा'.

एकतीस साली कुणी पोरगा हे कार्ड उघडेल
आणि मला शिव्या घालेल.
घालू दे.
तेव्हा मार्च असला, तर त्याचेही बूट ओले होतील.